बुलेटच्या मडगार्डवरचं जुनं क्रोम काढून रंग मारायचाय, क्रोम काढायचं कसं?

साताऱ्याचा_बुलेटवाला
मंडळी, मामांनी त्यांची १९७२ ची बुलेट ३५० माझ्याकडे दिलीये. इंजिनाचं काम झालंय, आता अंगाकडे वळलोय. मामांनी ज्यांच्याकडून घेतली त्या गृहस्थांना चकचकाटाची भारी हौस असावी, कारण दोन्ही मडगार्ड, चेनगार्ड, दोन्ही टूलबॉक्स, पुढच्या फोर्कची कव्हरं आणि हेडलाइट बसतो तो डोम, सगळ्याला क्रोम करून घेतलंय. आता त्याला पन्नाशी आलीये, पुढच्या मडगार्डवर फोड आलेत, मागच्यावर बारीक ठिपक्यांचा गंज आहे, टूलबॉक्स मात्र अजून आरशासारखे. मला हे सगळं परत काळं करायचंय, टाकीवर सोनेरी रेघ, बस.

आमच्या पेंटरचं म्हणणं, क्रोमवर रंग बसत नाही, सोलून निघेल, आधी क्रोम काढून आणा. कसं काढायचं विचारलं तर म्हणे ॲसिडमध्ये बुडवा. दुसरा म्हणतो सँडब्लास्टिंग. तिसरा म्हणतो काही काढू नका, घासा आणि मारा. तुमच्यापैकी कुणी खरंच हे केलंय का? फोटो संध्याकाळी टाकतो.

टिचकी
पहिला! बाकी मला यातलं काही कळत नाही पण बुलेटचा धागा म्हणून हजेरी लावली. वाखुसा (वाचनखूण साठवली).

पद्मिनीप्रेमी
काळ्या रंगाला माझं पूर्ण अनुमोदन. क्रोमच्या मडगार्डाची बुलेट लांबून भारी दिसते, पण काळ्या मडगार्डाची जवळून बघत बसावीशी वाटते.

एक गोष्ट आधीच सांगतो, काहीही बुडवायच्या आधी प्रत्येक पार्टला लोहचुंबक लावून बघा. बुलेटचा तो हेडलाइटचा डोम ॲल्युमिनियमचा असतो, पत्र्याचा नाही. त्यावरही क्रोम करून घेतलंय म्हणताय म्हणजे खाली तांब्याचा, निकेलचा थर देऊन केलेलं असणार. तो ॲसिडमध्ये किंवा कॉस्टिकमध्ये गेला तर क्रोम निघायच्या आधी डोमच खाल्ला जाईल. माझ्या फियाटच्या दारांची हँडलं तर मझाकची, म्हणजे जस्ताचं ओतकाम. एका ओळखीच्यांनी आपली अशी हँडलं कुणाचं तरी ऐकून बाथरूमच्या ॲसिडात टाकली, भसाभस फेस आला आणि बाहेर काढली तेव्हा किल्लीचं भोक दुप्पट मोठं झालेलं. कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला, ती हँडलं आता चोरबाजारात नशीब असेल तर मिळतात.

अण्णा_गॅरेजवाले
चुंबकाचं बरोबर. पण पत्र्याच्या पार्टला ॲसिडच. हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं तेच, निम्मं पाणी निम्मं ॲसिड, प्लास्टिकच्या टबात. थोड्या वेळात क्रोम उतरतं, पाणी हिरवं होतं, पार्ट पिवळसर दिसायला लागला की बाहेर काढायचा, सोड्याच्या पाण्यात धुवायचा. वर्षानुवर्षं हेच करतोय आम्ही.

रसायनकाकू
अण्णा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते पिवळसर दिसतं ते लोखंड नव्हे, निकेल आहे. इथेच सगळा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण ज्याला क्रोम म्हणतो तो एक थर नसतोच. पत्र्यावर कधी तांबं, त्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोम. यातला क्रोमचा थर नावापुरता, साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). निकेल त्याच्या कित्येक पट, दहा, वीस, चांगल्या कामात तीस मायक्रॉन. गंज अडवायचं काम निकेल करतं, क्रोम त्याला काळं पडू देत नाही आणि ती निळसर झाक देतं. निळसर ते क्रोम, पिवळसर ते निकेल, उजेडात शेजारी शेजारी धरलं की डोळ्यांना कळतं.

हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोम पटकन खातं, निकेल मात्र फार हळू. म्हणजे टबातून निघालेल्या मडगार्डवर निकेल जवळपास सगळंच शिल्लक असतं. आणि साताऱ्याच्या दादांच्या मडगार्डवर जे फोड आलेत ते क्रोमचे नाहीतच, निकेलच पत्र्यापासून सुटलंय. त्यामुळे क्रोम काढून फोड जाणार नाहीत.

साताऱ्याचा_बुलेटवाला
काकू, दंडवत. हे आजवर एकाही पेंटरनं सांगितलं नव्हतं. मग निकेल कसं काढायचं?

कोल्हापुरी_रांगडा
काढताय कशाला सगळं? आमच्या उद्यमनगरात ब्लास्टिंगवाले लई आहेत, देऊन टाका, अर्ध्या तासात पांढराफटक पत्रा हातात.

मुळशीचा_मिस्त्री
@रांगडा, भाऊ कशानं ब्लास्ट करतात ते विचारलंय का? काचेच्या मण्यांनी क्रोम निघत नाही, नुसतं मंद होतं. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट लागतं, आणि तेही क्रोम-निकेलवर वेळ खातं कारण थर चिवट. तेवढा वेळ एका जागी नोझल धरलं की मडगार्डचा पत्रा ताणला जातो, लाटा येतात. मग त्या लपवायला लांबी (पुट्टी) भरा, आणि बुलेटच्या थरथरीत ती लांबी किती टिकते ते सगळ्यांना माहितीये. दाब कमी ठेवून, नोझल फिरतं ठेवून, तिरकं धरून करणारा माणूस पाहिजे. चेनगार्ड तर त्याहून पातळ, त्याला मी ब्लास्टिंग करूच देणार नाही.

आणि साधी वाळू वापरणारा असेल तर तिथून निघून या. त्या धुळीनं सिलिकोसिस होतो, काम करणाऱ्या पोरांची फुप्फुसं कायमची जातात. आपल्या गाडीच्या हौसेपायी ते नको.

कोल्हापुरी_रांगडा
वाळूचं पटलं. आमच्या हितले गार्नेटवालेच हायत, पण पत्र्याच्या लाटांचं विचारून घेतो.

भोसरीकर_प्लेटिंग
मी याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. वडिलांनी सुरू केलेलं प्लेटिंगचं युनिट आहे, आता निम्मं काम ऑटो कंपन्यांचं आणि उरलेलं तुमच्यासारख्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांचं.

आमच्याकडे री-क्रोमचा जॉब, म्हणजे पार्ट, आला की आधी जुनं उतरवावंच लागतं, त्यामुळे स्ट्रिपिंगची लाइन असतेच. रंग मारायचा असला तरी तोच जॉब, फक्त परत प्लेटिंगला जात नाही. क्रोम आम्ही ॲसिडनं काढत नाही. कॉस्टिक सोड्याची टाकी असते, लिटरला साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम, जॉब तांब्याच्या जाड तारेनं टांगायचा आणि रेक्टिफायरचं (एसीचा डीसी करंट करणाऱ्या यंत्राचं) कनेक्शन उलटं, म्हणजे जॉब प्लसला. पाच-सहा व्होल्ट. काही मिनिटांत क्रोम पाण्यात जातं. खाली निकेल लागलं की ते कॉस्टिकमध्ये आपोआप थांबतं, विरघळत नाही, आणि लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही. त्यामुळे जॉब खराब व्हायची भीती जवळपास नाही.

निकेलसाठी दुसरी टाकी, जाड सल्फ्युरिक ॲसिड, परत उलटा करंट. निकेल संपून लोखंड लागलं की तिथेही क्रिया मंदावते, पण अट एकच, त्या टाकीत पाणी शिरता कामा नये. ओला जॉब तसाच टाकला, ॲसिड पातळ झालं, की लोखंडाला खड्डे पडायला लागतात. म्हणून टाकीत घालायच्या आधी जॉब कोरडा करणारा प्लेटर शोधा. तुमच्यासमोर ओला जॉब बुडवला तर नमस्कार करून पार्ट परत घ्या.

साताऱ्याचा_बुलेटवाला
हे तर घरी बॅटरी चार्जरवर करता येईल की! कॉस्टिक मिळतो, चार्जर आहे, प्लास्टिकचा ड्रम आहे.

रसायनकाकू
नाही. हे करू नका, अगदी हात जोडून सांगते.

भोसरीकरांच्या त्या कॉस्टिकच्या टाकीत क्रोम जातं ते क्रोमेट होऊन जातं, हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं क्रोमियम. पाणी पिवळं होतं ते त्यानंच. कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हे पहिल्या गटात आहे, म्हणजे खात्रीशीर. करंट चालू असताना वर बुडबुडे येतात, ते फुटून त्याचा तुषार हवेत जातो आणि तोच आपण श्वासात घेतो. अण्णांच्या टबातलं हिरवं पाणी म्हणजे तीन संयुजेचं क्रोमियम, ते त्यामानानं बरंच सौम्य. पण त्यातही निकेल असतंच, आणि ॲसिडच्या वाफा असतात त्या वेगळ्या.

आणि खरा प्रश्न नंतरचा आहे. तो पिवळा ड्रम कुठे ओतणार? मोरीत, गटारात, परसात? साताऱ्यात तुमच्या घरापासून कृष्णा किंवा वेण्णा किती लांब आहे ते बघा. कारखान्यात हे पाणी आधी आम्लधर्मी करतात, पीएच दोन-तीनपर्यंत आणतात, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून पिवळ्याचं हिरवं करतात, मग चुना घालून क्रोमियम गाळाच्या रूपात खाली बसवतात. तो गाळसुद्धा घातक कचरा, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या केंद्रांवर नोंद करून पाठवावा लागतो. प्रदूषण मंडळाची परवानगी, वहीखातं, सगळं असतं. एका मडगार्डसाठी घरी हे कुणी करू शकत नाही.

भोसरीकर_प्लेटिंग
काकूंशी शंभर टक्के सहमत. ग्राहकांना सांगतो की तुम्ही स्ट्रिपिंगचे पैसे देता त्यातला मोठा वाटा पाणी साफ करण्याचा असतो, आणि तो दिलाच पाहिजे. स्वस्तात कुणी गल्लीत करून देत असेल तर ते पाणी नाल्यात जातंय हे समजून घ्या.

अण्णा_गॅरेजवाले
काकू, मग आमच्या टबाचं काय म्हणता? क्रोम तीनवालं आहे म्हणालात ना.

रसायनकाकू
अण्णा, तीनवालं असलं तरी निकेल विरघळलेलं पाणी गटारात नको. सोडा घालून शांत केलं तरी धातू जात नाहीत, गाळात बसतात. शिवाय मुळशीच्या मिस्त्रींना विचारा, ॲसिड ठेवलेल्या शेडमधली बाकीची हत्यारं, ड्रिलचे बिट, लेथ, सगळ्यावर आठवड्याभरात तांबूस गंज चढतो की नाही. जी वाफ पान्यावर बसते ती तुमच्या पोरांच्या नाकातही जाते. आणि त्या ॲसिडजवळ ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेलं क्लीनर कधीच नको, क्लोरीन वायू निघतो.

मुळशीचा_मिस्त्री
चढतो, काकू, चढतो. व्हर्नियरसुद्धा सुटत नाही.

ॲसिडचा अजून एक वाईट गुण आहे जो गाड्यांसाठी जास्त महत्त्वाचा. मडगार्डची कड वळवून आत दुमडलेली असते आणि स्टे (मडगार्ड धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) जिथे स्पॉट वेल्ड केलेले असतात तिथे दोन पत्र्यांमध्ये फट असते. ॲसिड तिथे शिरतं आणि कितीही धुतलं तरी निघत नाही. रंग मारून दोन पावसाळे झाले की त्या कडेनं तांबडं पाणी ओघळायला लागतं आणि रंग खालून उचलतो. लोक पेंटरला शिव्या घालतात, दोष ॲसिडचा असतो.

यंत्रकन्या
मिस्त्रींच्या यादीत एक भर. ॲक्सल, हाय टेन्साइल बोल्ट, स्प्रिंगा, किक आणि ब्रेकचे लिव्हर, हे ॲसिडमध्ये कधीच टाकू नका. ॲसिडची लोखंडाशी क्रिया होताना हायड्रोजन सुटतो, तो कठीण पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस टाइट केलेला बोल्ट उभ्या उभ्या तुटतो. कारखान्यात अशा पार्टला प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर काही तास ठेवतात म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. भोसरीकरांच्या पद्धतीत जॉब प्लसला असतो, हायड्रोजन समोरच्या पत्र्यावर निघतो, जॉबवर नाही, म्हणून ती पद्धत या बाबतीतही चांगली. तरीही ज्यावर जीव अवलंबून आहे असा बोल्ट नवाच घ्या.

टिचकी
मला कळत नाही म्हणून आलो होतो, आता ॲसिडची भीती वाटून बाथरूम धुवायला गेलो नाही. घरी बोलणी खाल्ली, या धाग्याचा दाखला दिला, चालला नाही.

पद्मिनीप्रेमी
@टिचकी :))

बरं, ते कोल्ड्रिंक आणि ॲल्युमिनियम फॉइलचं काय? व्हिडिओत दाखवतात.

रसायनकाकू
त्यानं वरवरचा गंज जातो, क्रोम जात नाही. कोल्ड्रिंकमध्ये थोडं फॉस्फोरिक ॲसिड असतं ते गंज सैल करतं, आणि फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा न पाडता घासतं. ज्याला क्रोम ठेवायचंय त्याच्यासाठी चांगली युक्ती, नुसत्या पाण्यानंही बऱ्यापैकी काम होतं.

हॅम्बुर्गचा_नाना
इकडे जुन्या गाड्यांना तीस वर्षं झाली की एच नंबर (जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट) मिळतो, त्यासाठी गाडी मूळ रूपाच्या जवळ लागते, त्यामुळे काय कुठे क्रोम होतं आणि काय रंगवलेलं होतं यावर तासन् तास वाद चालतात. क्रोम प्लेटिंगला लागणाऱ्या क्रोमियम ट्रायऑक्साइडला युरोपात सप्टेंबर २०१७ पासून खास परवानगीशिवाय बंदी आहे, त्यामुळे प्लेटिंगवाले कमी झाले आणि दर चढले. परिणाम असा की लोक आता मूळ क्रोम जपायला लागलेत.

जरा विषयांतर, पण क्रोमची चाल वाटते तितकी जुनी नाही. गाड्यांवर क्रोम आलं ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याआधी निकेल किंवा पितळ. मग युद्धात निकेल-क्रोम लष्करी कामाला गेलं, लष्करी मोटरसायकली सगळ्या रंगवलेल्या. कोरियन युद्धाच्या वेळी परत निकेलची टंचाई आली आणि १९५१-५२ च्या ब्रिटिश मोटरसायकलींवर नेहमीच्या क्रोमच्या जागी रंग आला. तेव्हा बुलेटवाल्यांना सांगतो, काळं मडगार्ड म्हणजे गरिबी नव्हे.

साताऱ्याचा_बुलेटवाला
नाना, हे मामांना वाचून दाखवणार. ते कालपासून रुसलेत की चकाकी घालवतोय म्हणून.

वडगावची_वहिनी
आमच्या ह्यांच्याकडे जावा मोटरसायकल आहे. एक विचारते, २०२१ च्या नियमात पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, तो घ्यायचा असेल तर क्रोम काढून रंग केल्यानं अडचण येईल का?

यंत्रकन्या
वहिनी, तो नियम चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल नको असं म्हणतो. मडगार्ड मूळ रंगात परत आणणं म्हणजे उलट मूळ रूपाकडे जाणं. पण त्या नंबरवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढंच. नव्या नोंदणीला वीस हजार शुल्क. रोज चालवणार असाल तर विचार करून घ्या.

सुमेधा_रंगवाली
मी रंगाचंच काम करते, माझा वेगळा मुद्दा. सगळे काढायचं कसं यावर बोलताय, पण काढायला हवं का हे पार्टनुसार ठरवा. क्रोमवर रंग बसत नाही हे अर्धंच खरं आहे. क्रोम गुळगुळीत असतं आणि त्यावर ऑक्साइडची एक निष्क्रिय पापुद्री असते, म्हणून साधा प्रायमर नखानं सुटतो. पण क्रोम खाली घट्ट असेल, फोड नाही, ठिपका नाही, तर आधी डीग्रीजरनं साफ करून ओल्या पेपरनं, २२० ते ३२० नंबर, चकाकी पूर्ण जाईपर्यंत एकसारखं घासायचं आणि त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारायचा. हे टिकतं. दादांचे टूलबॉक्स आरशासारखे आहेत म्हणालेत, त्यांना हेच करावं. खालचं चांगलं निकेल गंजाला अडवतंय, ते पैसे देऊन का काढायचं? डोमसाठीही हाच मार्ग, कारण ॲल्युमिनियमला ना ॲसिड चालत ना कॉस्टिक.

फोड आलेल्या मडगार्डला मात्र हे चालणार नाही. फोडाच्या कडेला धारदार स्क्रॅपर लावून बघा, पापुद्रा उचलतोय तिथून पुढे किती जातो ते कळतं. वरून कितीही भारी प्रायमर मारला तरी तो ज्याला चिकटलाय तोच थर सुटतोय.

घासताना मास्क आणि ओला पेपर, कोरडं ग्राइंडर नको, निकेलची धूळ वाईट. आणि क्रोम असलेल्या जागी वेल्डिंग तर अजिबात नको, आधी तिथलं प्लेटिंग काढा.

अण्णा_गॅरेजवाले
पण इपॉक्सीच का? एच (etch, म्हणजे ॲसिडवाला) प्रायमर मारतो आम्ही लोखंडावर.

सुमेधा_रंगवाली
अण्णा, एच प्रायमरमधलं ॲसिड लोखंडाला धरतं, क्रोमला धरत नाही. आणि एच प्रायमरवर लगेच इपॉक्सी मारायला बऱ्याच कंपन्या मनाई करतात, डब्यावर वाचा.

भोसरीकर_प्लेटिंग
ताईंचं पटलं, माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी :) एक भर घालतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला बघा. प्लेटिंगचा करंट कडांना आणि फुगीर भागाला जास्त पोचतो, खोलगट भागाला कमी, आणि क्रोम या बाबतीत सगळ्यात वाईट. त्यामुळे बाहेर चकचकीत मडगार्ड आतून जवळपास उघडं असतं. चिखल तिथेच बसतो. गंज आतून भोक पाडत येतोय का ते आधी बघा, नाहीतर स्ट्रिपिंग झाल्यावर जाळीदार पत्रा हातात येईल आणि तुम्ही म्हणाल आम्ही खराब केला.

पावडर कोटिंग करणार असाल तर तेही आधीच ठरवा. ती भट्टी १८०-२०० अंशांची असते, क्रोमच्या बारीक भेगांत अडकलेली हवा-पाणी तेव्हा बाहेर येतं आणि कोटिंगवर पुटकुळ्या येतात. चांगले पावडरवाले जॉब आधी रिकामाच भट्टीत तापवून घेतात.

साताऱ्याचा_बुलेटवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. कंदिलाएवढा मोठा टॉर्च घेऊन आज सगळं तपासलं. पुढचं मडगार्ड आतून ठीक आहे, वरचा गंज उथळ. मागचं मात्र नंबरप्लेटच्या खाली स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला.

असं ठरवतोय: दोन्ही मडगार्ड आणि चेनगार्ड प्लेटिंगवाल्याकडे, क्रोम आणि निकेल दोन्ही काढून. मागच्याला तिथून आल्यावर पत्र्याचा जोड. टूलबॉक्स, डोम आणि फोर्कची कव्हरं घरी ओल्या पेपरनं घासून इपॉक्सी. पावडर नाही, रंगच, कारण टाकीशी काळा जुळायला हवा. बरोबर ना?

मुळशीचा_मिस्त्री
बरोबर. फक्त स्ट्रिपिंग होऊन आलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सीखाली गेला पाहिजे. साताऱ्याच्या पावसाळी हवेत रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पिवळा झालेला दिसेल. आणायचा दिवस आणि पेंटरचा दिवस एकच ठरवा. मागच्याचा जोड पण गॅसनं, लहान तुकडा नको, खराब भाग पूर्ण कापून.

सुमेधा_रंगवाली
आणि जोड मारायचा असेल तर आधी जोड, मग इपॉक्सी, असा तिघांचा मेळ घाला. एका दिवसात जमत नसेल तर प्लेटरला सांगून तेल लावून आणा, पेंटिंगच्या आधी डीग्रीज करता येतं.

कोल्हापुरी_रांगडा
चाकांच्या रिमांचं काय करणार? त्या पण क्रोमच्या असतील की.

साताऱ्याचा_बुलेटवाला
रिमा क्रोमच्याच ठेवायच्यात, त्या तशाच यायच्या. पण मागच्या रिमला निपलांच्या (स्पोक कसायच्या नटांच्या) भोवती गंज आहे, त्याही भोसरीला आणू का?

भोसरीकर_प्लेटिंग
आणा, पण स्पोक काढून, नुसती रिम. स्पोकसकट जॉब आम्ही घेत नाही, निपल पितळेचे असतात, टाकीत खराब होतात आणि भोकांच्या आत काहीच नीट साफ होत नाही. काढायच्या आधी स्पोकची गाठ कशी घातलीये त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि रिम हबपासून किती सरकलेली आहे ते मोजून लिहून ठेवा. भोकांच्या कडांना तडे असतील तर री-क्रोमला पैसे घालू नका, दुसरी रिम बघा.